विश्लेषण : इंजिनात १०० अश्वशक्ती, मग चाकावर ८५च कशी? जेम्स वॉट यांनी आयुष्यभर शोधलेल्या ‘गळती’ची गोष्ट

शोरूममधील माहितीपत्रकावर गाडीची ताकद १०० अश्वशक्ती लिहिलेली असते. तीच गाडी तपासणीच्या रोलरवर चढवून चाकांपाशी ताकद मोजली, तर आकडा ८५ च्या आसपास येतो. मधली १५ अश्वशक्ती कुणी चोरलेली नसते आणि माहितीपत्रकही खोटे नसते. ती ताकद गिअर, बेअरिंग, ऑइल आणि टायर यांच्यात उष्णता होऊन निघून गेलेली असते. मात्र ही गळती नेमकी किती, याचा अंदाज कसा बांधायचा, यावर गॅरेजमधील मिस्त्रीपासून अभियंत्यापर्यंत सगळ्यांचे वाद होतात.

भंडारा जिल्ह्याला हा विषय परका नाही. राष्ट्रीय महामार्गावर लाखनीजवळच्या गडेगाव येथे अशोक लेलँडच्या कारखान्यात ट्रक आणि बसचे गिअरबॉक्स तयार होतात. पावसाळ्यात धानाच्या रोवणीआधी बांधीत चिखलणी करणाऱ्या प्रत्येक ट्रॅक्टरमालकाला इंजिनाचा एचपी आणि चिखलात प्रत्यक्ष मिळणारा जोर यातला फरक ठाऊक असतो. शेतातल्या मोटरपंपाचा हिशेबही एचपीतच होतो.

या सगळ्या हिशेबाचे मोजमाप ज्यांच्यामुळे रूढ झाले, त्या जेम्स वॉट यांनी मोटार कधी पाहिलीही नाही. कार्ल बेंझ यांच्या मोटारीला पेटंट मिळाले १८८६ मध्ये. वॉट त्याच्या ६७ वर्षे आधी गेले. तरीही ‘ताकद वाटेत कुठे सांडते’ हा प्रश्न त्यांनी आयुष्यभर धरून ठेवला होता. त्यांच्या आयुष्यातूनच चाकावरच्या ८५ चा उलगडा होतो.

वॉट यांनी वाफेचे इंजिन शोधले का?

नाही. चहाच्या किटलीचे झाकण वाफेने उडताना पाहून लहानग्या जेम्सला इंजिन सुचले, ही गोष्ट शाळेत अनेकांनी ऐकलेली असते. ती गोष्ट म्हणून गोड आहे, पण इतिहास म्हणून टिकत नाही. थॉमस न्यूकोमेन यांचे वाफेवर चालणारे पंप इंजिन १७१२ पासूनच इंग्लंडमधील खाणींतून पाणी उपसत होते. वॉट यांचा जन्म त्यानंतर २४ वर्षांनी, १९ जानेवारी १७३६ रोजी स्कॉटलंडमधील ग्रीनॉक या बंदराच्या गावी झाला.

तुमसर तालुक्यातील चिखला आणि डोंगरी बुजुर्ग येथील मॅंगनीज खाणी ज्यांनी पाहिल्या आहेत, त्यांना पाणी उपसण्याचे महत्त्व सांगावे लागत नाही. खाण जितकी खोल, तितके झिरपणारे पाणी जास्त. पाणी काढणे थांबले, की खाण थांबते. अठराव्या शतकातील इंग्लंडच्या खाणींचे दुखणे हेच होते.

वॉट यांचे वडील जहाजांची सामग्री पुरवणारे कारागीर आणि व्यापारी होते. प्रकृती नाजूक असल्याने जेम्स यांचे बरेच शिक्षण घरीच झाले. वडिलांच्या कार्यशाळेत हत्यारे हाताळता हाताळता त्यांना बारीक कामाची गोडी लागली. १७५५ मध्ये ते लंडनला गेले आणि मोजमापाची उपकरणे बनवण्याचे काम एका वर्षात शिकून परतले. त्यानंतर ग्लासगो विद्यापीठाने त्यांना आवारातच कार्यशाळेसाठी जागा दिली. म्हणजे ‘इंजिनवाले’ होण्याआधी वॉट हे ‘मोजमापवाले’ होते. पुढच्या सगळ्या गोष्टीचा पाया हाच आहे.

पहिली गळती कुठे सापडली?

१७६३-६४ च्या हिवाळ्यात विद्यापीठातील न्यूकोमेन इंजिनाचा एक छोटा नमुना दुरुस्तीसाठी वॉट यांच्याकडे आला. दुरुस्ती झाली, पण इंजिन चारदोन झटके मारून बंद पडू लागले. बॉयलर तर ठीक होता. मग वाफ जात कुठे होती?

दुसरा कुणी असता तर बॉयलर मोठा करून मोकळा झाला असता. वॉट यांनी वाफ मोजायला घेतली. न्यूकोमेनच्या रचनेत सिलिंडरमध्ये वाफ भरली जाई आणि मग त्यातच थंड पाणी सोडून ती वाफ पुन्हा पाणी केली जाई. त्यामुळे पोकळी तयार होऊन दट्ट्या खाली येई. पण प्रत्येक झटक्याला सिलिंडरही गार पडे. पुढच्या झटक्याची वाफ आधी तो लोखंडी किंवा पितळी सिलिंडर तापवण्यात खर्च होई आणि उरलेली कामाला येई. वॉट यांच्या हिशेबानुसार आत येणाऱ्या वाफेतील सुमारे तीन-चतुर्थांश हिस्सा असा नुसता तापवण्यात वाया जात होता. विद्यापीठातील प्राध्यापक जोसेफ ब्लॅक यांचे सुप्त उष्णतेवरचे संशोधन त्यांना हा हिशेब समजून घेताना उपयोगी पडले.

उपाय सुचला तो मे १७६५ मध्ये, ग्लासगो ग्रीन या मैदानावर रविवारी फिरताना. सिलिंडर कायम गरमच ठेवायचा आणि वाफ थंड करण्यासाठी बाजूला वेगळे भांडे जोडायचे. यालाच ‘स्वतंत्र कंडेन्सर’ म्हणतात. वॉट यांनी नवी ताकद निर्माण केली नाही, जी वाटेत सांडत होती ती वाचवली. त्यांच्या कीर्तीचा उगम इथे आहे.

कल्पना सुचूनही दहा वर्षे का गेली?

कारण कल्पना कागदावर होती आणि सिलिंडर लोहाराच्या हातात. त्या काळात सिलिंडर आतून इतके ओबडधोबड असत, की दट्ट्याच्या बाजूने वाफ निसटे. एक गळती बंद केली, तर दुसरी सुरू.

पैशांचाही प्रश्न होता. उद्योजक जॉन रोबक यांनी खर्चाचा भार उचलून पेटंटमध्ये दोन-तृतीयांश वाटा घेतला. जानेवारी १७६९ मध्ये पेटंट मिळाले, पण इंजिन काही नीट चालेना. घर चालवण्यासाठी वॉट कालव्यांच्या सर्वेक्षणाची कामे करत राहिले. १७७३ हे वर्ष तर सर्वांत कठीण ठरले. रोबक यांचे दिवाळे निघाले आणि वॉट उत्तरेकडील डोंगराळ भागात सर्वेक्षणावर असतानाच बाळंतपणात पत्नी मार्गारेट यांचे निधन झाले. घरी लहान मुले, हाती अपुरे इंजिन आणि सततची डोकेदुखी अशी त्यांची अवस्था होती.

बर्मिंगहॅमचे कारखानदार मॅथ्यू बोल्टन यांनी रोबक यांच्याकडून येणे असलेल्या १,२०० पौंडांच्या बदल्यात पेटंटमधला वाटा घेतला. १७७४ मध्ये वॉट बर्मिंगहॅमला गेले. त्याच वर्षी जॉन विल्किन्सन यांनी तोफांच्या नळ्या अचूक कोरण्याचे यंत्र बनवले. त्याच तंत्राने सिलिंडरही हवे तसे गोल आणि गुळगुळीत कोरता येऊ लागले. १७७५ मध्ये संसदेने पेटंटची मुदत १८०० पर्यंत वाढवून दिली आणि मार्च १७७६ मध्ये टिप्टनजवळच्या ब्लूमफील्ड कोळसा खाणीवर बोल्टन आणि वॉट यांचे इंजिन लोकांसमोर सुरू झाले. सुचल्यापासून चालू होईपर्यंत जवळपास ११ वर्षे लागली.

न दिसणाऱ्या बचतीचे पैसे कसे मागायचे?

बोल्टन आणि वॉट यांनी इंजिने विकण्याची पद्धतच वेगळी ठेवली. सुटे भाग आणि उभारणीचा खर्च खाणमालकाने करायचा. जुन्या न्यूकोमेन इंजिनाच्या तुलनेत जितका कोळसा वाचेल, त्याच्या किमतीचा एक-तृतीयांश हिस्सा मात्र दरवर्षी वॉट आणि बोल्टन यांना द्यायचा. कॉर्नवॉलमधील तांबे आणि कथिलाच्या खाणींना ही अट पटली, कारण तिथे कोळसा बाहेरून आणावा लागे आणि तो महाग पडे.

पण बचत कुणाच्या हिशेबाने धरायची? त्यासाठी आधी जुन्या इंजिनाच्या चाचण्या घेऊन ठरावीक कोळशात किती पाणी उपसले जाते हे पक्के केले गेले. मग नव्या इंजिनाच्या तुळईवर झटके मोजणारा गणक बसवला गेला. तो कुलूपबंद असे. झटक्यांची संख्या गुणिले प्रत्येक झटक्याचे काम, यावरून बिल ठरत असे. गाडीच्या मीटरला आज जसे सील असते, तसाच हा प्रकार.

तरीही वाद झालेच. सुरुवातीला कोळसा वाचल्याने खूश असलेले खाणमालक काही वर्षांतच कुरकुरू लागले. जुने इंजिन डोळ्यांसमोरून गेले होते, त्यामुळे वाचलेला कोळसा कुणाला दिसत नव्हता. दिसत होती ती फक्त दरवर्षी द्यावी लागणारी रक्कम. अनेकांनी पैसे थकवले, काहींनी पेटंट डावलून स्वतःची इंजिने उभारली. कोर्टकचेऱ्या १७९९ पर्यंत चालल्या आणि निकाल वॉट यांच्या बाजूने लागले. गळतीचा अंदाज हा निव्वळ अभियांत्रिकीचा विषय नसतो, त्यात कुणाच्या तरी खिशातले पैसे असतात, हे वॉट यांना या काळात चांगलेच कळले.

घोडा हिशेबात कसा आला?

१७८० च्या दशकात इंजिनाला नवे गिऱ्हाईक मिळाले. बिअर बनवणारे, पीठ दळणारे आणि कापड गिरण्या चालवणारे. त्यांच्याकडे जुने वाफेचे इंजिन नव्हतेच, मग बचत कशाशी तोलणार? त्यांच्याकडे होते घोडे. तेलाच्या घाण्याला बैल जुंपावा, तसे हे घोडे गोल फिरून यंत्र चालवत. गिऱ्हाइकाचा प्रश्न साधा होता : हे इंजिन माझे किती घोडे वाचवेल?

वॉट यांनी गिरणीच्या घोड्याचा हिशेब मांडला. १२ फूट त्रिज्येच्या वर्तुळात घोडा तासाला सुमारे १४४ फेऱ्या मारतो आणि सुमारे १८० पौंड जोर लावतो, असे धरले तर मिनिटाला साधारण ३२,५०० फूट-पौंड काम होते. वॉट यांनी १७८३ मध्ये हा आकडा ३३,००० असा पूर्ण केला. हीच एक अश्वशक्ती.

आजच्या भाषेत सांगायचे तर ७६ किलो वजनाचे धानाचे पोते एका सेकंदात एक मीटर वर उचलण्याइतकी ही ताकद आहे. दिवसभर राबणाऱ्या सामान्य घोड्याला एवढा जोर सातत्याने लावणे जड जाते. त्याच काळातील नामवंत अभियंते जॉन स्मीटन यांनी घोड्याचे काम मिनिटाला सुमारे २३,००० फूट-पौंडच धरले होते. वॉट यांचा आकडा चढा असल्याने गिऱ्हाइकाचाच फायदा होता. दहा घोड्यांचे म्हणून घेतलेले इंजिन दहा खऱ्या घोड्यांपेक्षा जास्तच काम करी आणि तक्रारीला जागा उरत नसे.

या इंजिनांचे वार्षिक शुल्कही अश्वशक्तीवर ठरले. लंडनमध्ये एका अश्वशक्तीला वर्षाला सहा पौंड, लंडनबाहेर पाच पौंड. म्हणजे एचपी हे जन्मापासूनच बिलाचे एकक आहे. महाराष्ट्रात मीटर नसलेल्या कृषिपंपांचे वीजबिल एचपीवरच ठरत आले. २०२४ मध्ये जाहीर झालेल्या मोफत वीज योजनेची मर्यादाही साडेसात एचपीच्या पंपापर्यंत ठेवण्यात आली. वॉट यांचा घोडा आज वैनगंगेकाठच्या शेतातही हिशेबाला उभा आहे, तो असा.

इंजिन आणि चाक यांच्यामध्ये काय आले?

पंपासाठी दांडा वर-खाली झाला तरी चालते. गिरणीला मात्र फिरणारे चाक लागते. वर-खाली गतीचे फिरत्या गतीत रूपांतर करण्यासाठी क्रँक हा सोपा उपाय होता, पण इंजिनासाठी त्याच्या वापराचे पेटंट १७८० मध्ये जेम्स पिकार्ड यांनी घेतले होते. म्हणून वॉट यांनी १७८१ मध्ये ‘सूर्य आणि ग्रह’ नावाची दातेरी चाकांची जोडी पेटंटमध्ये नोंदवली. एक चाक दुसऱ्याभोवती ग्रहासारखे फिरे. ही रचना मुळात त्यांचे सहकारी विल्यम मर्डॉक यांना सुचली, असे मानले जाते. दोन्ही चाके सारख्या आकाराची असल्याने इंजिनाच्या एका चक्रात मुख्य दांडा दोनदा फिरे. म्हणजे वेगही दुप्पट होई. आजच्या ऑटोमॅटिक गिअरबॉक्समधील ‘प्लॅनेटरी गिअर’ याच कुळातले.

लंडनमधील व्हिटब्रेड यांच्या बिअर कारखान्यात १७८५ मध्ये बसवलेले असे एक इंजिन तब्बल १०२ वर्षे चालले. ते सध्या ऑस्ट्रेलियातील सिडनीच्या पॉवरहाऊस संग्रहालयात आहे.

पण दातेरी चाके आली की घर्षण आले. इंजिनापासून लांब दांडा, त्यावर पुली, पुलीवरून पट्टे आणि पट्ट्यांवर यंत्रे, अशी साखळी गिरण्यांत उभी राहिली. जुन्या राइस मिलमध्ये एकाच मोटरवरून लांब शाफ्ट आणि पट्ट्यांनी अनेक यंत्रे चालताना ज्यांनी पाहिली आहेत, त्यांना हे चित्र लगेच समजेल. पट्टा सरकला, बेअरिंग कोरडे पडले, की मोटर तेवढीच वीज खाते आणि तांदूळ कमी निघतो. १७९४ मध्ये क्रँकचे पेटंट संपल्यावर बोल्टन आणि वॉट यांच्या इंजिनांतही हळूहळू क्रँकच आला. जितके सांधे कमी, तितकी गळती कमी.

ताकद नेमकी कुठे मोजायची?

इथे या गोष्टीचा गाभा येतो. १७९६ च्या सुमारास वॉट यांचे सहायक जॉन सदर्न यांनी एक युक्ती केली. सिलिंडरमधील दाब दाखवणाऱ्या उपकरणाला पेन्सिल जोडली आणि दट्ट्याबरोबर सरकणारी कागदाची पाटी तिच्यासमोर ठेवली. प्रत्येक झटक्याला कागदावर एक बंद आकृती उमटू लागली. त्या आकृतीचे क्षेत्रफळ म्हणजे वाफेने दट्ट्यावर केलेले काम. हे ‘इंडिकेटर’ उपकरण कंपनीने बरीच वर्षे बाहेर कुणाला कळू दिले नाही.

पण इंडिकेटर सांगतो ती सिलिंडरच्या आतली ताकद. दांड्यावर बाहेर किती येते, हे तो सांगत नाही. ते मोजण्याचे सोपे साधन वॉट यांच्या मृत्यूनंतर दोन वर्षांनी, १८२१ मध्ये फ्रेंच अभियंते गास्पार द प्रोनी यांनी दिले. फिरत्या दांड्याला लाकडी ठोकळ्यांचा ब्रेक आवळायचा, त्या ब्रेकला लांब दांडी जोडायची आणि दांडी वळू नये म्हणून टोकाला किती वजन टांगावे लागते ते पाहायचे. वजन, दांडीची लांबी आणि फेऱ्या यांवरून ताकद निघते. ‘ब्रेक हॉर्सपॉवर’ म्हणजेच बीएचपी हा शब्द अशा ब्रेकवरून आला. पुढे १८७७ मध्ये इंग्लंडचे विल्यम फ्रूड यांनी जहाजांच्या मोठ्या इंजिनांसाठी पाण्याच्या प्रतिकारावर चालणारा ब्रेक आखला.

आतली ताकद वजा दांड्यावरची ताकद, म्हणजे इंजिनाची स्वतःची गळती. दांड्यावरची ताकद वजा चाकावरची ताकद, म्हणजे गिअरबॉक्सपासून टायरपर्यंतची गळती. दोन ठिकाणी मोजल्याशिवाय गळती कळत नाही. वॉट यांनी छोट्या नमुन्यात आत गेलेली वाफ आणि कामाला आलेली वाफ वेगवेगळी मोजली, ती याच रीतीने.

वॉट कुठे चुकले?

गळती शोधणाऱ्या या माणसाने काही वाटा मात्र स्वतःच अडवून धरल्या. जास्त दाबाची वाफ त्यांना धोक्याची वाटे. त्या काळच्या बॉयलरचा दर्जा पाहता भीती अनाठायी नव्हती. पण रस्त्यावर चालणारी गाडी हलकी हवी असेल तर दाब वाढवण्याला पर्याय नव्हता. १७८४ मध्ये वॉट यांनी वाफेच्या गाडीचा उल्लेख पेटंटमध्ये करून ठेवला, पण ती बांधली नाही. मर्डॉक यांनी त्याच सुमारास कॉर्नवॉलमध्ये अशा गाडीचा छोटा नमुना चालवून दाखवला, तेव्हा वॉट आणि बोल्टन यांनी त्यांना त्या नादातून परावृत्त केले. १८०० मध्ये वॉट यांचे पेटंट संपले आणि १८०१ मध्ये रिचर्ड ट्रेव्हिथिक यांनी जास्त दाबाच्या वाफेवर चालणारी गाडी रस्त्यावर आणली. पेटंटच्या भिंतीमुळे इंजिनाची प्रगती किती वर्षे अडली, यावर इतिहासकारांत आजही मतभेद आहेत.

आणखी एक बाजू अलीकडच्या काळात अधिक मोकळेपणाने सांगितली जाते. वॉट यांच्या वडिलांचा व्यापार कॅरिबियन बेटांवरील गुलामांच्या श्रमातून येणाऱ्या मालाशी जोडलेला होता आणि पुढे त्या बेटांवरील उसाच्या मळ्यांनाही बोल्टन आणि वॉट यांची इंजिने गेली.

मग १५ टक्क्यांचा नियम खरा की खोटा?

कामचलाऊ आहे, पण नियम नाही. पुढच्या चाकांवर ताकद जाणाऱ्या आणि आडवे इंजिन असलेल्या गाडीत ताकदीला ९० अंशांत वळावे लागत नाही, त्यामुळे गळती कमी असते. मागच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीत क्राऊन-पिनियन येते. त्याचे दाते एकमेकांवर घसरत फिरतात, म्हणून तिथे साध्या गिअरपेक्षा जास्त ताकद जाते. चारही चाकांवर ताकद जात असेल, तर सांधे आणखी वाढतात. लांबच्या प्रवासानंतर ट्रकच्या मागच्या एक्सलची पेटी हात ठेवता येणार नाही इतकी तापते. हरवलेली ताकद तीच.

गळतीचे दोन भाग असतात. एक भाग भारानुसार वाढतो, उदाहरणार्थ दात्यांवरचे घर्षण. दुसरा भाग भाराशी फारसा संबंध ठेवत नाही. ऑइल घुसळणे, ऑइल सीलचे घासणे हे गाडी रिकामी असो वा भरलेली, वेगानुसार होतच राहते. समजण्यासाठी एक कल्पित उदाहरण घेऊ. एखाद्या वेगाला ठरलेली गळती ६ एचपी आणि वर भाराच्या ६ टक्के गळती आहे असे धरा.

• इंजिन ४० एचपी देत असताना गळती ८.४ एचपी, म्हणजे २१ टक्के.
• १०० एचपी देत असताना गळती १२ एचपी, म्हणजे १२ टक्के.
• १५० एचपी देत असताना गळती १५ एचपी, म्हणजे १० टक्के.

गाडी तीच, गिअरबॉक्स तोच. टक्का मात्र दर वेळी वेगळा. म्हणूनच इंजिनात फेरफार करून ताकद वाढवल्यावर जुन्याच टक्क्याने उलटा हिशेब केला, तर आकडा फुगतो.

उलट्या हिशेबात आणखी एक चूक नेहमी होते. चाकावर ८५ एचपी मिळाली आणि गळती १५ टक्के धरली, तर ८५ ला ०.८५ ने भागायचे असते; उत्तर १०० येते. अनेक जण ८५ मध्ये तिचेच १५ टक्के मिळवतात आणि ९७.७५ वर थांबतात.

आज ही गळती कशी मोजतात?

गाडीची चाके रोलरवर ठेवून ताकद मोजणाऱ्या यंत्राला ‘चॅसिस डायनो’ म्हणतात. चाचणी शक्यतो अशा गिअरमध्ये घेतात, ज्यात इंजिन आणि गिअरबॉक्समधून बाहेर येणारा शाफ्ट जवळपास सारख्याच वेगाने फिरतात. मागच्या चाकांवर चालणाऱ्या अनेक गाड्यांत या गिअरमध्ये ताकद दात्यांच्या जोडीतून न जाता सरळ पुढे जाते आणि गळती कमी राहते.

सर्वाधिक वेग गाठल्यावर क्लच दाबून चाके आपोआप मंदावू देतात. ती किती लवकर मंदावतात, यावरून ओढ मोजून ती चाकावरच्या ताकदीत मिळवतात. ही पद्धत उपयोगी असली तरी तिच्यात उणीव आहे. मंदावताना दात्यांवर इंजिनाचा भार नसतो, त्यामुळे भाराबरोबर वाढणारी गळती त्यात पुरती येत नाही. शिवाय गोल रोलरवर टायर रस्त्यापेक्षा जास्त दबतो आणि गार ऑइल जास्त ओढ देते. खात्रीचा मार्ग एकच : इंजिन बाहेर काढून वेगळे मोजायचे आणि चाकावर वेगळे मोजायचे. पुण्यातील एआरएआयसारख्या संस्थांत इंजिन स्वतंत्रपणे मोजण्याची सोय असते.

शेतकऱ्यांसाठी यातला सर्वांत कामाचा भाग ट्रॅक्टरचा आहे. ट्रॅक्टरवर ठळक लिहिलेला एचपी इंजिनाचा असतो. मळणी यंत्र किंवा रोटाव्हेटर चालते ते पीटीओवर, आणि तिथला एचपी कमीच असतो. नांगर ओढताना तर चाक घसरण्यातही ताकद जाते आणि चिखलणीच्या बांधीत ती आणखी जाते. मध्य प्रदेशातील बुदनी येथील केंद्रीय ट्रॅक्टर चाचणी संस्थेच्या अहवालांत पीटीओ आणि ओढ यांचे आकडे वेगळे दिलेले असतात. रोटाव्हेटर घेताना इंजिनाचा नव्हे, पीटीओचा आकडा पाहावा.

माहितीपत्रकातील एककही तपासावे. ‘पीएस’ ही मेट्रिक अश्वशक्ती थोडी लहान असते. १०० पीएस म्हणजे ९८.६ बीएचपी, म्हणजेच ७३.५ किलोवॉट.

शेवटची वर्षे कशी गेली?

१८०० मध्ये पेटंट संपले आणि वॉट यांनी धंद्यातून निवृत्ती घेतली. पैसा आला होता, पण घर रिकामे होत होते. दुसऱ्या पत्नी अ‍ॅन यांच्यापासून झालेली मुलगी जेसी १७९४ मध्ये गेली आणि लाडका मुलगा ग्रेगरी १८०४ मध्ये क्षयाने गेला. बर्मिंगहॅमजवळच्या हीथफील्ड या घराच्या माळ्यावर वॉट यांनी छोटी कार्यशाळा थाटली आणि मूर्तीची हुबेहूब प्रत कोरणारे यंत्र बनवण्यात ते रमले. २५ ऑगस्ट १८१९ रोजी वयाच्या ८३ व्या वर्षी त्यांचे निधन झाले. माळ्यावरची ती कार्यशाळा तशीच बंद ठेवली गेली आणि १९२४ मध्ये लंडनच्या विज्ञान संग्रहालयात हलवण्यात आली.

१८८२ मध्ये विल्यम सीमेन्स यांनी ताकदीच्या एककाला ‘वॉट’ हे नाव सुचवले. घोड्याचा हिशेब रूढ करणाऱ्याचे नाव अशा एककाला मिळाले, ज्याने पुढे अधिकृत हिशेबातून घोड्यालाच बाजूला केले. एक अश्वशक्ती म्हणजे सुमारे ७४६ वॉट.

गाडी, ट्रॅक्टर किंवा पंप घेताना एचपीचा आकडा समोर आला, की एकच प्रश्न विचारावा : हा कुठे मोजला? इंजिनावर, पीटीओवर की चाकावर? विक्रेत्याला हे नीट सांगता येत नसेल, तर पैसे मोजण्याआधी चाचणीचा अहवाल मागावा.